रोममध्ये सॅक घेऊन फिरणारा पोरगा चारठाण्यात का थांबत नाही?



"सर, आमचं गाव ऐतिहासिक आहे, पर्यटनाचा धंदा करायचाय, लॉज बांधू का?" हा प्रश्न आता बऱ्याच तरुणांच्या डोक्यात असतो. आजचा लेख त्यांच्यासाठी. उदाहरण म्हणून मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातलं चारठाणा घेतलंय, आणि त्याच्या शेजारी ठेवलंय थेट रोम. हसू नका, पुढे वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या गावाचा पहिला ग्राहक म्हणजे एसी गाडीतून येणारा श्रीमंत पर्यटक नव्हे. पाठीवर सॅक टाकून, चार मित्रांसोबत, खिशातले पैसे मोजत फिरणारा पोरगा हा तुमचा पहिला ग्राहक. त्याला लॉज लागत नाही. त्याला लागते एक स्वच्छ गादी, स्वच्छ संडास, पोटभर जेवण आणि गाव समजावून सांगणारा माणूस. या चार गोष्टी चारठाण्यासारख्या गावातली चार पोरं कर्ज न काढता उभ्या करू शकतात.

चार मित्र रोमला जातात तेव्हा पैसा कुठे जातो?

समजा, पुण्यात नोकरी करणारे चार मित्र सुट्टी काढून रोमला निघाले. ग्रुप टूर नाही, सगळं स्वतःचं स्वतः. विमानाचं तिकीट मोठा घास घेतं. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. म्हणजे रोमच्या मातीला पाय लागायच्या आधीच खिसा निम्मा रिकामा.

आता पोरं काटकसर कुठे करतात बघा. हॉटेलची खोली घेत नाहीत, हॉस्टेलमधली कॉट घेतात. हे हॉस्टेल म्हणजे आपलं कॉलेजचं वसतिगृह नव्हे. एका खोलीत सहा-आठ कॉट, प्रत्येकाला कुलपाची पेटी, संडास-बाथरूम सामाईक, खाली एक स्वयंपाकघर. भाडं खोलीचं नाही, कॉटचं. बाजारातून ब्रेड-चीज आणून तिथंच खातात. पाण्याच्या बाटल्या विकत घेत नाहीत, कारण रोमच्या रस्त्यांवर अडीच हजारांच्या आसपास लोखंडी नळ दिवसरात्र पिण्याचं पाणी देतात. नळाची तोटी नाकासारखी दिसते म्हणून तिथले लोक त्याला 'नाझोने', म्हणजे 'मोठं नाक' म्हणतात. सेंट पीटर्स बॅसिलिकात जायला तिकीट नाही. पँथिऑनला जुलै २०२३ मध्ये ५ युरोचं तिकीट सुरू झालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथली सरकारी संग्रहालयं आणि कोलोसियम फुकट असतात, म्हणून हिशोबी पोरं त्या रविवाराभोवतीच ट्रिप आखतात.

आणि शहर समजून कसं घेतात? पायी. युरोपातल्या बहुतेक जुन्या शहरांत 'फ्री वॉकिंग टूर' असते. एक गाइड चौकात छत्री घेऊन उभा राहतो, दोन-अडीच तास गल्लीबोळातून फिरवतो, गोष्टी सांगतो. आधी फी नाही. शेवटी तुम्हाला जे योग्य वाटेल ते द्या. सांगणारा चांगला असेल तर लोक आनंदाने देतात.

आता धंद्याच्या नजरेने बघा. या पोरांनी शहरात पैसे दिले कशाचे? कॉटचे, गोष्टी सांगणाऱ्या माणसाचे, खाण्याचे आणि थोड्या तिकिटांचे. यातली कुठली गोष्ट करोडो रुपयांची आहे? एकही नाही. रोमचे दगड दोन हजार वर्षांचे आहेत हे खरं, पण दगड आपोआप पैसे देत नाहीत. दगड आणि पाहुणा यांच्यामध्ये जो माणूस उभा राहतो, त्याला पैसे मिळतात.

ही पद्धत सुरू केली एका शाळामास्तरने

स्वस्तात राहण्याची ही सोय एखाद्या मोठ्या कंपनीच्या डोक्यातून निघालेली नाही. रिचर्ड शिर्मान नावाचा जर्मन शिक्षक १९०९ साली आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाला. वाटेत वादळी पावसाने गाठलं, आणि सगळ्यांनी एका गावातल्या शाळेत रात्र काढली. त्याच्या मनात आलं, सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग पायी फिरणाऱ्या पोरांना तिथं झोपायला जागा का देऊ नये? १९१२ साली आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल सुरू झालं. जुनी वास्तू, साध्या कॉट, कमी भाडं. पुढे हीच कल्पना जगभर पसरली.

मग १९७२ साली युरोपातल्या रेल्वे कंपन्यांनी 'इंटररेल' पास काढला. २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांनी एक पास घ्यायचा आणि महिनाभर २१ देशांत रेल्वेने फिरायचं. ज्यांच्या खिशात फारसं काही नव्हतं अशी पोरं लाखांनी घराबाहेर पडली. तीच पोरं पुढे कमावती झाली, तेव्हा बायको-मुलांना घेऊन त्याच शहरांत परत गेली. आज ३०० रुपये देणारा पोरगा दहा वर्षांनी ३,००० रुपये देणारा कुटुंबप्रमुख असतो, फक्त त्याने तुमचं गाव लक्षात ठेवलं पाहिजे.

भारतातही २०१३ साली झॉस्टेल सुरू झालं आणि कॉट भाड्याने देण्याची पद्धत आपल्या शहरांत, डोंगरात रुजली.

आपल्याला हे नवीन आहे का? अजिबात नाही

आपला वारकरी कोण आहे? पाठीवर पिशवी, सोबत दिंडी, मुक्काम गावच्या शाळेत नाहीतर मंदिरात, जेवण गावकऱ्यांकडे. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी परभणी जिल्ह्यातूनच जाते. हजारो माणसांची सोय कशी करायची हे आपल्या गावांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे. शेगाव संस्थानचं भक्तनिवास आठवा. भाडं माफक, पण चादर स्वच्छ आणि संडास स्वच्छ. लोक तिथली स्वच्छता घरी जाऊन दहा जणांना सांगतात. स्वस्त म्हणजे घाण असलंच पाहिजे, असा नियम नाही.

सह्याद्रीत बघा. राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई, कळसूबाईच्या पायथ्याचं बारी. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची पोरं सॅक घेऊन येतात, गावातल्या घरी पिठलं-भाकरी खातात, ओसरीवर झोपतात, पैसे देऊन जातात. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बघायला लोक येतात आणि गावातल्या घरांतच राहतात. त्या गावांनी आधी रिसॉर्ट बांधलं नाही. चूल होती, ओसरी होती, त्यावरच सुरुवात केली.

मग मराठवाड्यातल्या जुन्या गावांत हे का होत नाही?

चारठाण्यात काय आहे, काय नाही

काय आहे ते आधी मोजू. चारठाण्यात यादवकाळातली दगडी मंदिरं आहेत, बारवा आहेत, नक्षीकाम केलेला उंच स्तंभ आहे, गोकुळेश्वराचं मंदिर आहे. गावात आणि गावाभोवती कोरीव दगड, मूर्ती, खांब विखुरलेले दिसतात. इथं एकेकाळी ३६० मंदिरं होती असं सांगितलं जातं. आकडा बाजूला ठेवा, पण एका गावात इतकं जुनं काम क्वचितच बघायला मिळतं. देवगिरीच्या यादवांच्या काळात, बाराव्या-तेराव्या शतकात, ज्या बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो, दगडावर दगड नेमका बसवून केलेली बांधणी, ती शिकायला हे गाव म्हणजे उघडं पुस्तक आहे.

आजूबाजूलाही खजिना आहे. जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी, पूर्णा नदीवरचं येलदरी धरण, हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ, आणि बुलढाणा जिल्ह्यातलं उल्कापातातून झालेलं लोणार सरोवर. लोणारला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत जागा मिळाली. लोणारला जगभरातून लोक येतात. त्यातले चारठाण्याला किती येतात? आणि जे येतात ते तासाभरात फोटो काढून निघून का जातात?

कारण थांबायला निमित्त नाही. जुन्या गावात पाहुण्याला जे लागतं ते एकदा मोजा: पाट्या, स्वच्छ संडास, बसायला सावली, वेळेवर मिळणारं जेवण, कुठला खांब काय सांगतो ते समजावणारा माणूस, आणि रात्री पाठ टेकायला जागा. यातलं जे तुमच्या गावात नाही, ती तुमच्या धंद्याची यादी समजा. सरकारने करायची कामं सरकारने करावीत, त्यासाठी मागणी जरूर करा. पण या यादीतली निम्मी कामं निधीची वाट न बघता होतात.

लॉज का बांधायचा नाही?

पहिलं कारण पैशाचं. पंचवीस-तीस लाखांचं कर्ज काढून लॉज बांधला, तर हप्ता दर महिन्याला येतो. पाहुणा मात्र दर महिन्याला येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात परभणी जिल्ह्यात दगडी मंदिरं बघायला कोण येणार?

दुसरं कारण कायद्याचं. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. राज्य संरक्षित स्मारकांचे नियम वेगळे आहेत. तुमच्या गावातलं कुठलं स्मारक कोणाच्या ताब्यात आहे, हे पुरातत्त्व विभागात विचारल्याशिवाय एक वीटसुद्धा लावू नका. कर्नाटकातल्या हम्पीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. तिथं तुंगभद्रेच्या पलीकडच्या विरुपापूर गड्डीवर बॅकपॅकर्ससाठी गेस्टहाऊस उभी राहिली, धंदा जोरात चालला. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२० साली ती बांधकामं पाडली गेली. ग्राहक होते, कमाई होती, पण जागा नियमात नव्हती. सगळं गेलं.

म्हणून माझं म्हणणं, नवीन काही बांधू नका. गावात असलेलीच घरं वापरा. पुण्या-संभाजीनगरला गेलेल्या भावाच्या खोल्या बंद पडून असतील, त्या झाडून काढा.

चला, हिशोब मांडू

हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या गावातल्या भावाने बदलून घ्या. पण वहीत मांडाच.

समजा, शनिवारी आठ जणांचा ग्रुप आला. दोन तासांची पायी फेरी, माणशी १५० रुपये: १,२०० रुपये. दुपारचं जेवण, ज्वारीची भाकरी, पिठलं, येसर आमटी, ठेचा, माणशी १८०: १,४४० रुपये. चहा-नाश्ता ४०: ३२० रुपये. मुक्कामाची गादी माणशी ३००: २,४०० रुपये. रात्रीचं जेवण १५०: १,२०० रुपये. सकाळी धपाटे-दही ६०: ४८० रुपये. एकूण ७,०४० रुपये.

खर्च धरू. दोन जेवणं, चहा, नाश्ता यांचा किराणा-गॅस मिळून १,६८० रुपये. चादरी धुणं, साफसफाई ४८० रुपये. एकूण २,१६०. शिल्लक ४,८८० रुपये.

चार भागीदार असतील तर माणशी १,२२० रुपये. यात स्वयंपाक करणाऱ्या आई-काकूचा मेहनताना आधी वेगळा काढा. घरातली बाई राबते म्हणून ती फुकट, हा हिशोब चुकीचाच. बचत गटाकडे जेवणाचं काम दिलं तर आणखी चांगलं.

सुरुवातीचं भांडवल? आठ गाद्या-चादरी-उशा, प्रत्येकी अडीच हजार धरले तर २०,०००. संडास-बाथरूमची दुरुस्ती १५,०००. पाट्या, छापील नकाशा, प्रथमोपचार पेटी ५,०००. एकूण ४०,०००, म्हणजे माणशी १०,०००. नऊ ग्रुप आले की भांडवल वसूल. भागीदारांनी तोपर्यंत पैसे उचलायचे नाहीत.

आता खरं बोलू. महिन्याला दोन ग्रुप, वर्षातले आठ महिने, म्हणजे १६ ग्रुप. माणशी वर्षाला साडेएकोणीस हजारांच्या आसपास, तेही मेहनताना काढायच्या आधी. एवढ्यावर घर चालत नाही. शेती सोडू नका, दुकान बंद करू नका. हा जोडधंदा आहे. पण सोयाबीनचा भाव पडला म्हणून हा पैसा थांबत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ग्रुप वाढले तर खर्च त्या प्रमाणात वाढत नाही, कारण गाद्या त्याच, संडास तोच.

"पण सर, आमच्याकडे कोण येणार?"

एकट्या चारठाण्यासाठी लांबून फारसं कोणी येणार नाही, हे मान्य करा. म्हणून गाव विकू नका, दोन दिवसांची वाट विका. लोणार, चारठाणा, नेमगिरी, येलदरी, औंढा. मुक्काम चारठाण्यात. रेल्वेने येणाऱ्याला परभणी किंवा सेलू स्टेशन सांगा, पुढच्या एसटीची वेळ आणि गावातल्या रिक्षावाल्याचा दर आधीच लिहून पाठवा. कमी पैशात फिरणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती असते ती न सांगितलेल्या खर्चाची. ज्याने पूर्ण दरपत्रक आधी दिलं, त्याच्यावर तो विश्वास ठेवतो.

पहिले ग्राहक कोण? आर्किटेक्चर कॉलेजचे विद्यार्थी, इतिहासाचे प्राध्यापक, सायकलवाले ग्रुप, बारवा बघत फिरणारे हौशी लोक. ही मंडळी पंचतारांकित सोय मागत नाहीत. पण माहिती अचूक मागतात. म्हणून 'पांडवांनी एका रात्रीत बांधलं' एवढंच सांगून चालणार नाही. लोककथा लोककथा म्हणून सांगा, इतिहास इतिहास म्हणून. माहीत नसेल तर स्पष्ट सांगा आणि पुढच्या वेळेपर्यंत शोधा.

गावाला त्रास झाला तर धंदा संपला

युरोपातच याचं दुसरं टोक बघायला मिळतं. व्हेनिसने गर्दीला कंटाळून एप्रिल २०२४ पासून ठराविक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांना ५ युरो प्रवेश फी लावली. बार्सिलोनात घरं पर्यटकांना भाड्याने गेल्यामुळे स्थानिकांना राहायला परवडेना, तेव्हा तिथल्या महापौरांनी पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे परवाने २०२८ पर्यंत बंद करण्याची घोषणा केली. चारठाण्यात एवढी गर्दी उद्या होणार नाही. पण नियम पहिल्या दिवसापासून हवेत. मंदिर हे आधी गावाचं देवस्थान, मग पाहुण्यांचं ठिकाण. बारवेत पोहणं नाही, खांबावर चढणं नाही, दारू नाही, रात्री दहानंतर आवाज नाही. आणि मिळकतीतला ठरलेला भाग बारव साफ करायला. ग्रामपंचायतीला आधी भेटा. बाहेरच्या कंपनीने येऊन गाव चालवायला घेण्याआधी गावातल्या पोरांनी हे हातात घेतलं पाहिजे. नाहीतर मंदिरं आपली, पैसा दुसऱ्याचा.

मैत्री आणि भागीदारी

मित्रांच्या ट्रिपमध्ये दोन पद्धती असतात. एक टीटीएमएम, तुझं तू माझं मी. दुसरी कॉन्ट्री. सगळ्यांनी सारखे पैसे काढायचे, एकाने पाकीट सांभाळायचं, रोज रात्री हिशोब सांगायचा, उरले तर वाटून घ्यायचे. धंद्याला कॉन्ट्रीची पद्धत लागते, पण लेखी. कोणी किती घातले, कोण काय काम करणार, मध्येच कोणी पुण्याला नोकरीला गेला तर त्याचे पैसे कसे परत करायचे, हे स्टॅम्प पेपरवर लिहा. स्वतंत्र बँक खातं काढा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. जेवण देणार असाल तर अन्न नोंदणी करा. पाहुण्यांच्या ओळखपत्राची नोंद ठेवा, आणि परदेशी पाहुणा मुक्कामाला आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, हे विसरू नका.

या महिन्यात करायची कामं

पहिलं, चौघांनी मिळून सॅक पाठीला लावा आणि स्वतः दोन दिवस कुठल्यातरी जुन्या ठिकाणी फिरून या. रोम नको, पैठण, वेरूळ किंवा हम्पी चालेल. माणशी दोन हजारांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. कुठे पैसे द्यावेसे वाटले आणि कुठे चिडचिड झाली, ते वहीत लिहा. ग्राहक होऊन बघितल्याशिवाय ग्राहक कळत नाही.

दुसरं, आपल्या गावात दोन तासांची पायी फेरी आखा. दहा थांबे, प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटांची गोष्ट. आधी गावातल्याच शाळेच्या पोरांना फुकट फिरवा. पोरं कुठल्या थांब्यावर कंटाळतात, तिथली गोष्ट बदला.

तिसरं, ओळखीच्या एका ग्रुपला बोलवा आणि निघताना विचारा, "योग्य वाटेल ते द्या." पाकिटात किती पडले ते मोजा. तीच तुमची बाजारपेठेची पहिली पाहणी. पैसे कमी पडले तर फेरी सुधारा. चांगले पडले तर मग गाद्या घ्या.

क्रम लक्षात ठेवा: आधी वाट, मग जेवण, मग गादी. खोली बांधायचा विचार सगळ्यात शेवटी.